बिंदूला जागा लागत नाही

निवृत्त झाल्यावर कुणी कुंड्यांत मिरच्या लावतो, कुणी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. मी विश्वाचं मूळ शोधायला घेतलं. त्यात सेक्रेटरीपेक्षा शिव्या कमी पडतात. घर दोन खोल्यांचं, त्यामुळे दुर्बीण, प्रयोगशाळा असल्या गोष्टी बाद. विचार करायला जागा न अडवणारं काहीतरी हवं होतं आणि ते युक्लिडनं तेवीसशे वर्षांपूर्वीच काढून ठेवलेलं निघालं. ज्याला भाग नाहीत तो बिंदू. ‘एलिमेंट्स’मधली ही पहिलीच व्याख्या. तेरा खंडांच्या त्या ग्रंथात पुढे एकाही सिद्धतेत ती कामाला येत नाही, हे कळल्यावर तर मला बिंदूबद्दल जिव्हाळाच वाटू लागला. तोही माझ्यासारखाच, सन्मानानं बाजूला बसवलेला.

माझा सिद्धांत थोडक्यात असा: सगळं जग बिंदूंचं आहे आणि हे बिंदू सतत घुमत असतात. भाचा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करतो. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मामा, भागच नाहीत, तर त्याची कुठली बाजू कुठं गेली हे ठरवणार कसं? घुमला काय नि नाही काय!” मी इलेक्ट्रॉनच्या स्पिनचा दाखला दिला. तो म्हणाला, “नाव स्पिन असलं तरी ते भोवऱ्यासारखं फिरणं नव्हे.” मग नाव तसं ठेवलं कशाला, हे त्यानं सांगितलं नाही. परीक्षेचं कारण काढून निघून गेला.

खरा घाव घातला तो बायकोनं, शब्दकोड्यातून मान वर न काढता. “एवढे बिंदू आहेत ना, मग एकाला खेटून दुसरा बसवून दाखवा.” कागदावर करून पाहिलं. दोन बिंदू खेटले की एकच होतात आणि वेगळे ठेवले की मध्ये आणखी अनंत मावतात. नेमकी हीच अडचण वसुबंधू या बौद्ध पंडितानं ‘विंशतिके’त परमाणुवाद्यांपुढे टाकली होती. एका परमाणूला सहा दिशांनी सहा परमाणू चिकटले, तर त्याला सहा बाजू आल्या, म्हणजे भाग आले. आणि सगळे एकाच जागी असतील, तर अख्खा ढीग एका परमाणूएवढाच. मेरू पर्वत काय नि मोहरी काय! बायकोनं वसुबंधू वाचलेला नाही. वाचला असता तर माझं काय झालं असतं, या विचारानं अंगावर काटा येतो.

पण या शास्त्रज्ञ मंडळींचं तरी कुठे सुरळीत आहे? इलेक्ट्रॉनला आकार आहे का, हे त्यांनी 10⁻¹⁸ मीटरपर्यंत खाली जाऊन शोधलं. अजून काही सापडलेला नाही. म्हणजे गणितात तो बिंदूच धरायचा. तसा धरला की त्याच्या स्वतःच्याच विद्युतक्षेत्राची ऊर्जा अनंत येते. या अनंताची वासलात टोमोनागा, श्विंगर आणि फाइनमन यांनी लावली. अनंतातून अनंत अशा हिकमतीनं वजा केलं, की हाती मोजता येण्याजोगा आकडा उरावा. 1965चं नोबेल मिळालं. मी जन्मभर बँकेत हिशेबाच्या टेबलावर होतो. ताळेबंद जुळेना म्हणून दोन्ही बाजूंना अनंत रुपये लिहिले असते, तर संध्याकाळच्या आत निलंबनाचा कागद हातात पडला असता. डिरॅकसारख्या भौतिकशास्त्रज्ञालाही हा प्रकार अखेरपर्यंत पटला नाही, हे मी भाच्याला आवर्जून ऐकवलं.

तर तो शांतपणे म्हणतो, “पण मामा, इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वाचा त्यांचा आकडा प्रयोगाशी दशांशचिन्हापुढे दहा घरं जुळतो. तुमचा किती घरं जुळतो?”

माझ्या सिद्धांतातून अजून आकडा असा निघालेला नाही. आम्हा हौशी लोकांना बिंदू आवडतो तो खरं तर त्यासाठीच. मोजायलाच काही नसल्यामुळे चूकही मोजून दाखवता येत नाही. सिद्धांत विद्यापीठांना पाठवतो, तिथून उत्तरं येत नाहीत, त्याचंही मला नवल वाटत नाही. पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं 1775 सालीच ठरवून टाकलं होतं, की वर्तुळाचा चौरस करून देणाऱ्यांचे आणि न थांबणारी यंत्रं बनवणाऱ्यांचे कागद तपासायचेच नाहीत. आमची बिरादरी जुनी आहे.

आता माझी सगळी भिस्त फॅरडेवर. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला, गणितात कच्चा. 1844 साली त्यानं बॉस्कोविच या जुन्या शास्त्रज्ञाचा धागा धरून लिहिलं, की अणू म्हणजे ठोस गोळी नसून बलांचं केंद्र, निव्वळ बिंदू असावा. त्याच्या क्षेत्राच्या कल्पनेला समीकरणं पुढे मॅक्सवेलनं दिली. मी भाच्याला म्हटलं, “माझी कल्पना बरोबर आहे रे, फक्त गणितात मांडून देणारा कुणीतरी हवा.” त्यानं मोबाइल काढला. जॉन बाएझ नावाच्या अमेरिकी गणितज्ञानं 1998 साली विक्षिप्त सिद्धांतांना गुण देण्याची एक यादी केली आहे. सुरुवात उणे पाचापासून होते आणि नेमक्या याच वाक्याला तिथे दहा गुण आहेत.

म्हणजे पहिल्याच वाक्यात मी उण्यातून अधिकात आलो. मॅक्सवेलची जागा मात्र अजून रिकामी आहे. मानधन नाही, चहा मिळेल.