निवृत्त नंदेसरीकर आणि घरचा मुख्य व्हॉल्व्ह

दांडिया बाजार, रावपुरा अशा बडोद्याच्या जुन्या मराठी वस्त्यांत राहणाऱ्या सेवानिवृत्तांचे वर्गीकरण करू गेल्यास दोन जाती ठळकपणे वेगळ्या काढता येतात: सयाजीराव महाराजांचे नाव आल्याशिवाय ज्यांचे वाक्य पुरे होत नाही ते संस्थानप्रेमी, आणि शहराच्या उत्तरेस, महीच्या बाजूला असलेल्या नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या कारखान्यांतून ज्यांची उभी हयात पाळ्या करण्यात गेली ते नंदेसरीकर. प्रस्तुत विवेचन दुसऱ्या जातीपुरते आहे. ही जात निरुपद्रवी असून घरातला एखादा नळ फुटेपर्यंत तिचे अस्तित्वही कोणाला जाणवत नाही.

कारखान्यात प्रत्येक व्हॉल्व्हला क्रमांकाचा पत्रा टांगलेला असतो, प्रत्येक नळीला ठरलेला रंग असतो (भारतीय मानकानुसार पाण्याच्या नळीचा मूळ रंग समुद्रहिरवा), आणि कोणती नळी कोठून निघून कोठे जाते याचा नकाशा कंट्रोल रूममध्ये लावलेला असतो. त्यामुळे तेथे घडलेल्या मनुष्याची अशी पक्की धारणा होते, की जगातील प्रत्येक प्रवाहाला कोठेतरी एक चाक असते आणि ते उजवीकडे फिरवले की संकट टळते. घरात मात्र हा नकाशा सापडत नाही, आणि त्याचे कारण ऐतिहासिक आहे. शहराच्या पूर्वेकडील आजव्याच्या तलावाचे पाणी 1892 मध्ये नळांनी बडोद्यात आले, तेव्हा या वस्त्यांतील कित्येक वाडे विहिरीच्या भरवशावर आधीच उभे होते. साहजिकच नळी भिंतीत न जाता भिंतीवरून गेली, पुढे भावाभावांत वाटण्या झाल्या तशी प्रत्येक वाटणीबरोबर एक फाटा फुटला, आणि ज्याने त्याने आपल्या फाट्यावर बसवलेल्या व्हॉल्व्हला ‘मुख्य’ हीच पदवी दिली. एकत्र कुटुंबे मोडली तरी त्यांची नळजोडणी एकत्रच राहते, हा समाजशास्त्राने दुर्लक्षिलेला विषय आहे.

मोरीतला नळ मुळापासून निखळला, की नंदेसरीकर काका प्रथम पाणी अडवत नाहीत. ते चष्मा लावतात. मग पाठकोऱ्या कागदावर आकृती काढली जाते. फेरूल (रस्त्याखालच्या नळातून घरासाठी पाणी काढून घेणारा पितळी सांधा), गच्चीवरच्या टाकीची उतरती लाइन आणि खालच्या हौदाची चढती लाइन यांना क्रमांक मिळतात, आणि घोट्यापर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या काकूंना गेट व्हॉल्व्ह व बॉल व्हॉल्व्ह यांतील भेद समजावून दिला जातो: पहिल्यात चाक फिरवल्यावर आतली पाचर हळूहळू खाली उतरते, तर दुसऱ्यात दांडी पाव वळसा फिरवून नळीला आडवी केली की काम होते. “अहो, ओट्याखाली बघा ना, फरशीच्या खाचेत,” असे काकू मध्येच सुचवतात. पण ही माहिती रीतसर मार्गाने आलेली नसल्यामुळे तिची नोंद घेतली जात नाही.

बोलावलेला प्लंबर दारातूनच “काका, पहेलां उपरनी टांकी बंध करो” एवढेच म्हणतो. अनुभवी माणसाचा हा सल्ला योग्यच असतो, कारण जुन्या घरात मोरीचा नळ बहुधा टाकीवर असतो, रस्त्याच्या लाइनवर नव्हे. परंतु मुख्य व्हॉल्व्ह सोडून दुय्यम व्हॉल्व्ह बंद करणे हे काकांच्या लेखी कर्तव्यच्युतीच्या जवळपास येते. ते उलट प्लंबरला फाजलपूरच्या फ्रेंच वेलची माहिती देतात (नदीच्या वाळूत खोल विहीर बांधून तिच्या बुडापासून आडव्या सच्छिद्र नळ्या पसरवतात आणि वाळूतून गाळून आलेले महीचे पाणी उपसतात), आणि शहराला मिळणाऱ्या पाण्याचा एक उगम आपल्या कारखान्याच्या शेजारी होता, हे ठसवतात. उगमाची इतकी खडान्खडा माहिती असलेल्या गृहस्थाला त्याच पाण्याचे आपल्या घरातले प्रवेशद्वार ठाऊक नसावे, यातली विसंगती प्लंबरच्या ध्यानात येते. तो मात्र व्यवसायाच्या हितासाठी गप्प राहतो.

अखेर व्हॉल्व्ह ओट्याखालीच, फरशीच्या खाचेत, दिवाळीच्या रंगाच्या अनेक थरांखाली सापडतो. तो गेट व्हॉल्व्ह असतो आणि वर्षानुवर्षे न फिरवल्यामुळे गंजून घट्ट बसलेला असतो. अशा वेळी जोर लावल्यास पाचर दांड्यापासून सुटते आणि चाक गरगर फिरत राहूनही आत काहीच हलत नाही, हे काका स्वतः सांगतात आणि लगेच पान्हा मागवून जोर लावतात. चाक गरगर फिरू लागते. तेवढ्यात टाकी पूर्ण रिकामी झालेली असते, महापालिकेच्या पाण्याची वेळही उलटून गेलेली असते, त्यामुळे मोरीतली धार थांबते. आणि काका त्या चाकाला दोऱ्याने पुठ्ठ्याचा तुकडा बांधून त्यावर ठळक अक्षरांत ‘व्ही-1, बंद, चाचणी यशस्वी’ असे लिहून खाली तारीख घालतात.