साडेसहा तासांत न्यूयॉर्क

मुंबई ते न्यूयॉर्क विमानाचं अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. पुण्यापासून मुंबई विमानतळ जेमतेम दीडशे. पहिला आकडा माणसाला घाबरवतो. प्रत्यक्षात छळतो तो दुसरा.

विमान रात्री दोनचं. जावयाचा सल्ला, "बाबा, घाटात काय होईल सांगता येत नाही." म्हणून संध्याकाळीच निघालो. खोपोलीच्या अलीकडे एक ट्रेलर आडवा झाला होता. त्यानं आमच्या प्रवासाचा सरासरी वेग ताशी तीस किलोमीटरवर आणला. विमान ताशी नऊशेनं जातं हे ड्रायव्हरला सांगितलं, तर तो म्हणाला, "त्याला वर घाट लागत नाही, काका."

विमानात समोरच्या पडद्यावर नकाशा होता. आम्हाला जायचं पश्चिमेला, पण ते इवलंसं विमान नाक वर करून उत्तरेला चाललेलं. "अहो, हा रस्ता चुकलाय," हिनं माझ्या कोपराला ढोसलं.

मी डब्यातला रव्याचा लाडू काढला. वरचा बेदाणा म्हणजे मुंबई. पलीकडच्या बाजूला नखानं न्यूयॉर्क केलं आणि तिच्या शालीचा सुटलेला दोरा दोन्हींवरून ताणून धरला. कागदावर सरळ दिसणारी रेघ गोलावर लांबची पडते. जवळची वाट वरच्या अंगानं, रशिया, नॉर्वे, ग्रीनलंडच्या टोकावरून जाते. अर्थात वाटेतल्या देशांनी आकाश उघडं ठेवलं तर. 2025 च्या एप्रिलपासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं, तेव्हापासून त्यांना तिथे वळसा आलाच.

हे सगळं हिनं शांतपणे ऐकलं आणि उत्तर गोलार्ध खाल्ला.

12,500 ला 900 नं भागा, चौदाच्या आत उत्तर येतं. तिकिटावर मात्र सोळा तास. वरचे दोन तास वाऱ्याचे आणि वळशांचे. दहा-एक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे एक जबरदस्त वारा वाहतो, जेट स्ट्रीम. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर. पायलट त्याला शक्य तितकं चुकवतो, जसा मी पेठेतल्या एका ओळखीच्या विमा एजंटला.

उतरलो तेव्हा तिथे सकाळचे साडेआठ, तारीख तीच. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. म्हणजे कागदोपत्री मुंबई ते न्यूयॉर्क साडेसहा तास! पुणे ते मुंबई पाच. ही बातमी मी इमिग्रेशनच्या रांगेत पुढच्या गृहस्थांना सांगितली. ते कोल्हापूरहून आले होते. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी विषय मेतकुटाकडे वळवला.

परतीचं तिकीट आधीच काढलेलं. येताना वारा पाठीशी, त्यामुळे चौदा तासच. पण सोमवारी सकाळी अकराला निघून मुंबईत पोचायचं मंगळवारी सकाळी साडेदहाला. मुलीच्या स्वयंपाकघरात हा हिशेब मांडला. हिनं पोळी उलटली.

"दोन तास वारा ढकलणार, म्हणजे इंधन कमी लागणार?"

"लागणार."

"मग परतीचं तिकीट महाग का?"

जावई तेवढ्यात कचरा टाकायला बाहेर गेला. मीही त्याच्यामागे गेलो.