वेतनवाढीची छडी

सरकारी कर्मचाऱ्याला संगणक शिकवायचा कसा? महाराष्ट्र शासनाने सरळ उपाय काढला: एमएस-सीआयटी करा, नाहीतर वेतनवाढ रोखू. पन्नाशी गाठलेल्यांना मात्र सूट. मग काय, एकोणपन्नाशीतल्या भाऊसाहेबांना एकाएकी डोळ्यांचा, कंबरेचा आणि माऊसचा त्रास सुरू झाला. वर्ष कसंबसं काढलं की सुटले! ज्यांनी परीक्षा दिली, त्यांनी प्रमाणपत्र सेवापुस्तकाला लावलं आणि टायपिंग नव्या पोराकडे सरकवलं. (शिक्षण पूर्ण.)

पुढे व्हॉट्सअ‍ॅप आलं. त्यासाठी ना शासन निर्णय निघाला, ना वेतनवाढ अडली. तरी भाऊसाहेब पहाटे पाचला गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात पाठवू लागले, तेही सगळ्या ग्रुपांवर एकदम. ई-ऑफिसमधली फाइल पुढे पाठवायचं बटण मात्र त्यांना निवृत्तीपर्यंत सापडलं नाही.