थव्याचे सर

मत्स्यसंशोधनात हयात घालवून निवृत्त झालेले एखादे सर कोकणपट्टीच्या बऱ्याच गावांत सापडतात. त्यातले काही कोळंबीचे असतात, काही शेवाळाचे. हे निरुपद्रवी. जपायचं ते थव्याच्या सरांपासून. त्यांना मासा एकवचनात दिसतच नाही. ताटात तळलेला बांगडा वाढला की "एकट्यावरून काही कळायचं नाही" म्हणत ते दुसरा मागून घेतात. तिसऱ्याच्या वेळी त्यांना संख्याशास्त्र आठवतं.

"थव्याला पुढारी नसतो," हे सरांचं ठरलेलं वाक्य. 1987 साली क्रेग रेनॉल्ड्स यांनी संगणकाच्या पडद्यावर पाखरांचा थवा उडवला, तेव्हा प्रत्येक पाखराला नियम दिले होते तीनच: शेजाऱ्याला धडकू नकोस, तो वळेल तिकडे वळ, आणि त्याच्यापासून फार लांब पडू नकोस. सेनापती नाही, नकाशा नाही, तरी अख्खा थवा एका अंगाने वळतो. हे सगळं सर वाडीच्या सभेत सांगतात, आणि अध्यक्षस्थानावरून सांगतात. निवृत्तीपासून ती खुर्ची त्यांचीच आहे. मागे एका पोराने "मग सर, आपल्याला तरी अध्यक्ष कशाला?" असं विचारलं. सरांनी लगेच 2005 सालचा, आयन कझिन आणि सहकाऱ्यांचा निबंध काढला. मोठा समूह योग्य दिशेला न्यायला वाट माहीत असलेले मोजके जीव पुरतात, आणि ते कोण हे बाकीच्यांना ठाऊक असायचीही गरज नसते! आपल्या वाडीत वाट कोणाला माहीत आहे, हे विनयामुळे त्यांनी सांगितलं नाही.

सरांचा चष्मा नेहमी घरी राहतो, त्यालाही आधार 1980 चा. ब्रायन पार्ट्रिज आणि टोनी पिचर यांनी माशांचे डोळे तात्पुरते झाकून त्यांना थव्यात सोडलं, तरी ते बरोबर पोहत राहिले. अंगावरच्या पार्श्वरेषेला शेजाऱ्याच्या हालचालीने हललेलं पाणी कळतं, म्हणून. सर बाजारात याच भरवशावर चालतात. माणसाला पार्श्वरेषा नाही, हे त्यांना आजवर भाजीवाल्या मावशींनी, दोन सायकलवाल्यांनी आणि एका बैलाने निदर्शनास आणून दिलं आहे.

विज्ञान दिनाला शाळेत बोलवावं तर सरांनाच. भाषणाची सुरुवात ते गंभीरपणे स्वीडनच्या संरक्षणापासून करतात. 1981 साली कार्ल्सक्रोनाजवळ एक सोव्हिएत पाणबुडी खडकावर चढून बसली आणि स्वीडिश नौदलाची झोप उडाली. पुढे वर्षानुवर्षं पाण्याखालून बारीक टकटक ऐकू येई आणि प्रत्येक वेळी शत्रूची पाणबुडी आल्याचा संशय. शेवटी शास्त्रज्ञांना बोलावलं. आवाज हेरिंग माशांचा निघाला, आणि निघाला होता तो त्यांच्या मागल्या बाजूने! इथे मुख्याध्यापिका पाण्याचा पेला पुढे सरकवतात, पण सर थांबत नाहीत. हेरिंगच्या शरीरातली हवा गुदद्वाराजवळच्या छिद्रातून बुडबुड्यांनी सुटते, रात्री, काळोखात, आजूबाजूला मंडळी जास्त असली तर दरडोई प्रमाणही जास्त. थव्याची चुकामूक होऊ नये म्हणून ही हाकाटी असावी, असा तर्क आहे. या संशोधनाला 2004 चं इग्नोबेल मिळालं, हे वाक्य पोरांच्या हसण्यात वाहून जातं. पुढचा आठवडाभर सहावीच्या वर्गात जो तो शेजाऱ्याशी संपर्क ठेवून असतो.

विल्यम हॅमिल्टन यांचा 1971 चा 'स्वार्थी कळप' मात्र सर फारसा शिकवत नाहीत, तो त्यांनी अंगी बाणवला आहे. शिकारी आणि आपण यांच्यामध्ये दुसरा कोणीतरी असावा म्हणून जो तो मधे सरकतो, आणि त्यातून कळप दाटतो, असं ते तत्त्व. गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक वळणावर दिसलं की सर बोलता बोलता घोळक्याच्या मधोमध पोचलेले असतात. फोटोवाला आला की कडेला, पाहुण्यांच्या लगतच्या.

पाऊस सरल्यावर मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर रापण लागते. पाण्याचा रंग काळवंडतो, पक्षी सूर मारायला लागतात. होडीतून जाळ्याचा वेढा पडतो आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर माणसं ओढू लागतात. सर वाळूच्या उंचवट्यावर उभे राहून ओरडतात, "डावीकडचे हळू! उजवीकडचे जोर!" कोणी बघत नाही. दोन्ही टोकं सारखी येत असतात.

"सर, बोलतास तां बरां," एक म्हातारा तांडेल दोर न सोडता म्हणाला, "पण जरा दोराक हात लावा."

सरांनी लावला. पुढच्याची पाठ, मागच्याचा श्वास, आणि पाय आपोआप सगळ्यांबरोबर मागे. जाळं किनाऱ्याला लागेपर्यंत त्यांना एकही शास्त्रज्ञ आठवला नाही. दोर ओढला म्हणून वाट्याला बांगडे आले, त्यावर अभ्यासाला म्हणून त्यांनी आणखी दोन मागून घेतले.

घरी काकूंनी पिशवी परातीत उपडी केली.

"थव्यातलेच ना हे? मग यांचा पुढारी कुठला ते दाखवा. त्याला आधी तळते."

सरांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग मुकाट्याने सगळ्यात मोठा बांगडा उचलून दिला.