बोटीचं ॲव्हरेज विचारू नये

फ्लोरिडातल्या बोटवाल्यांवर काय प्रसंग गुदरलाय, कानावर आलं का तुमच्या? पेट्रोल महागलं म्हणून बिचारे बोट घेऊन कुठे जातच नाहीत! म्हणजे बोटी विकल्या असं नव्हे हं. बोट आहे, बोटीला इंजिनं आहेत, इंजिनांचे हप्ते आहेत. फक्त ती चालवायची नाही. सकाळी धक्क्यावरून सोडायची, दहा-पंधरा मिनिटांवरच्या वाळूच्या दांड्याशी कमरेएवढ्या पाण्यात नांगर टाकायचा आणि दिवस मावळेपर्यंत तिथेच पाण्यात उभं राहून थंडगार बिअर प्यायची. शेजारी तशाच चाळीस बोटी. प्रत्येकीवर वेगळं गाणं, पण गाऱ्हाणं एकच: पेट्रोल काय महागलंय हो!

या गाऱ्हाण्याचा सगळ्यात मोठा शिमगा झाला २०२२ च्या उन्हाळ्यात. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला, कच्चं तेल शंभर डॉलरच्या वर गेलं, आणि जूनच्या मध्यावर अमेरिकेत पेट्रोलचा सरासरी भाव गॅलनला पाच डॉलरवर पोचला. असा आकडा त्या देशाने कधी पाहिला नव्हता. टीव्हीवर तेच, निवडणुकीच्या भाषणात तेच, चर्चच्या पायऱ्यांवरही तेच. आता जरा कागद-पेन्सिल घ्या. गॅलन म्हणजे पावणेचार लिटरहून किंचित जास्त. डॉलर तेव्हा अठ्ठ्याहत्तर रुपयांच्या घरात. म्हणजे लिटरला साधारण १०३ रुपये. त्याच आठवड्यात आपल्या मुंबईत पेट्रोल होतं १११ रुपये ३५ पैसे, आणि तेही मे महिन्यात केंद्राने कर उतरवल्यावर! त्याआधी १२० च्या वर होतं. तिकडे ज्या भावाला आकाश कोसळलं म्हणत होते, त्या भावात इकडे पंपावर पेढे वाटले असते.

पण हा झाला रस्त्यावरच्या पंपाचा भाव. बोटीला रस्त्यावरचा भाव शोभतो का? मरीनाच्या धक्क्यावर, पाण्याला लागून असलेल्या पंपावर गॅलनमागे डॉलरभर, कुठे कुठे त्याहूनही जास्त मोजावे लागतात. पाण्याकाठची जागा महाग, गिऱ्हाईक हंगामी, आणि ते गिऱ्हाईक घासाघीस करत नाही याची पंपवाल्याला खात्री. शिवाय बोटवाल्यांना साधं पेट्रोल चालत नाही म्हणे. तिकडच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. बोट सदोदित पाण्यातच, त्यात पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने पडून. मग खाली पाणी मिसळलेलं इथेनॉल वेगळं बसतं आणि इंजिन खोकायला लागतं. म्हणून बिनइथेनॉलचं घ्यायचं, ते आणखी महाग. आता यातली गंमत बघा. पेट्रोल वाचवायला बोट उभी ठेवायची, आणि उभी ठेवली की पेट्रोलच नासतं. असा छळ शत्रूच्याही वाट्याला येऊ नये!

बरं, हे सगळं ठाऊक असताना या मंडळींनी केलं काय? इंजिनं वाढवली.

खरंच सांगते. पूर्वी बोटीच्या मागच्या अंगाला एक आउटबोर्ड इंजिन लटकलेलं असायचं, फार तर दोन. ऐपतदार घरचं लक्षण म्हणजे दोन. आता तीन लावली तर लोक विचारतात, सगळं ठीक आहे ना घरी? चार ही बेताची संख्या झाली. पाचवालेही आहेत. २०२१ च्या फेब्रुवारीत मर्क्युरी कंपनीने ६०० अश्वशक्तीचं, बारा सिलिंडरचं आउटबोर्ड बाजारात आणलं. एका इंजिनात ६०० घोडे! तसली चार लावली की चोवीसशे. आणि एवढा तबेला कशासाठी, तर चार जणांनी दुपारचं जेवण दुसऱ्या बेटावर जाऊन जेवावं म्हणून. मायामीच्या हॉलओव्हर खाडीच्या तोंडाशी लाटा उसळतात आणि काठावर लोक कॅमेरे रोखून बसलेले असतात. कुणाची बोट कशी आपटली, कोणाची टोपी उडाली, कोण भिजलं, सगळं चित्रित होतं आणि जगभर पाहिलं जातं. त्या कॅमेऱ्यासमोरून दोन इंजिनांवर जायचं म्हणजे लग्नाच्या वरातीत सायकलवरून जायची पाळी.

आपल्याकडे नवी गाडी दिसली की आपण पहिला प्रश्न विचारतो, ॲव्हरेज किती देते? बोटवाल्याला हा प्रश्न चुकूनही विचारू नका. तिथे लिटरला किती किलोमीटर असा हिशेबच नसतो, तासाला किती गॅलन असा असतो. ३०० अश्वशक्तीचं एक पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात पळवलं तर तासाला पंचवीसेक गॅलन पितं. म्हणजे शंभर लिटरला थोडे कमी. तीन इंजिनं असतील तर तासाला तीनशेच्या आसपास. मिनिटाला पाच लिटर! ॲक्टिव्हाची टाकी साधारण तेवढीच असते. चाळीस फुटी बोटीत पाचशे गॅलनची टाकी असणं ही काही नवलाई नाही. त्या जूनमध्ये ती धक्क्यावर सहा डॉलरच्या भावाने भरली तरी तीन हजार डॉलर, म्हणजे सव्वादोन लाख रुपयांच्या वर. एक टाकी! एवढ्यात आमच्याकडे दोन नव्या स्कूटर येतील, आणि वर हेल्मेट.

हे इतकं पेट्रोल जातं कुठे, याचं उत्तर बोटवाले स्वतः देत नाहीत, म्हणून आपणच द्यावं. पाणी हवेपेक्षा आठशेपट दाट. बोट हळू चालली तर पाणी बाजूला सारत निवांत जाते, तेव्हा खर्च मामुली असतो. वेग वाढवला की पुढचं टोक वर उचलतं, मागचा भाग खाली बसतो आणि बोट स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढायला लागते. पेट्रोल पाण्यासारखं जातं ते इथे. हा चढ ओलांडला की ती पाण्यावर आडवी होऊन घसरत पळते, तेव्हा जरा बरं. सगळ्यात वाईट म्हणजे मधलंच, ना धड हळू ना धड जोरात. पण अनेकांना तोच वेग आवडतो. नाक वर करून चालता येतं ना!

तर भाव वाढल्यावर या लोकांची अक्कल अचानक जागी झाली. एरवी ज्यांना धीम्या शिडाच्या बोटी दिसल्या की कपाळाला आठ्या पडायच्या, ते सहा-सात नॉटच्या वेगाने जाऊ लागले आणि वर सांगू लागले की अहो, हळू गेलं की डॉल्फिन दिसतात. बोटीच्या बुडाला चिकटलेले शंखशिंपले खरवडून निघाले, कारण बूड खरबरीत असलं की खर्च वाढतो. आत साठवलेलं सामान बाहेर आलं: जुने नांगर, तीन तीन शीतपेट्या, कधी न वापरलेली मासेमारीची हत्यारं. आणि सगळ्यात चवदार दृश्य म्हणजे रस्त्यावरच्या पंपावरून प्लॅस्टिकचे कॅन भरून आणणारे बोटमालक. गॅलनमागे डॉलर वाचवायला लाख डॉलरच्या बोटीचा धनी दोन्ही हातांत कॅन घेऊन धक्क्यावरून पाय सांभाळत चाललाय, शेजारी बघतायत, आणि तो त्यांना सांगतोय की व्यायाम चांगला होतो. (पेट्रोल असं ओतणं धोक्याचं आहे, हे मात्र थट्टेत घेऊ नका.)

शिडाच्या बोटवाल्यांचं काय सांगावं! आमचं बुवा वाऱ्यावर चालतं, असं म्हणत त्या उन्हाळ्यात ते मरीनाभर मिरवत होते. बंदरातून बाहेर पडताना आणि वारा पडल्यावर जे डिझेल इंजिन सुरू होतं त्याचा उल्लेख कोणी करायचा नाही, असा अलिखित करार असावा.

ब्रिटिशांनी तर याहून वरताण केलीय. तिथे लाल डिझेल नावाची चीज आहे. कर कमी असलेल्या डिझेलात लाल रंग घालतात, म्हणजे कोणी ते रस्त्यावरच्या गाडीत ओतलं तर टाकीत पकडता येतं. शौकाच्या बोटींना हे वापरू देऊ नका, असं युरोपियन न्यायालयाने २०१८ मध्ये ब्रिटनला बजावलं. पुढे ब्रेक्झिट झालं. २०२२ च्या एप्रिलमध्ये सरकारने कितीतरी धंद्यांचं लाल डिझेल काढून घेतलं, पण इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या शौकाच्या बोटींचं राहू दिलं. उत्तर आयर्लंडवाल्यांचं मात्र आदल्या वर्षीच गेलं होतं. अट एकच: बोट चालवायला जेवढं डिझेल लागेल त्यावर पूर्ण कर, शेगडी, दिवे, ऊब यांच्यासाठीचं कमी कराचं. आता टाकी एकच, त्यातलं किती चालवायला आणि किती शेकायला, हे ठरवणार कोण? मालक स्वतः! पंपावर उभं राहून त्याने सांगायचं, साठ टक्के चालवायला, चाळीस टक्के ऊब घ्यायला. हे ठरलेलं प्रमाण सांगितलं की सहसा कोणी उलटतपासणी घेत नाही. भर जुलैत, घामाने भिजलेल्या सदऱ्यात, चाळीस टक्के ऊब! कालव्यातल्या अरुंद बोटींत लोक बारा महिने संसार करतात, त्यांना ही सवलत हवीच. उरलेल्यांना थंडी फार वाजत असावी.

असो, चहाटळपणा पुरे. एक गोष्ट आमच्या या कुजबुजीत नेहमी राहून जाते. अमेरिकेतल्या बहुसंख्य बोटी चार इंजिनवाल्या नाहीतच. नव्वद टक्क्यांहून जास्त बोटी २६ फुटांच्या आतल्या आहेत, आणि त्यांचे मालक नळदुरुस्ती करणारे, शाळेत शिकवणारे, निवृत्त पोलीस असे असतात. हे लोक बोट घरामागे ठेवतात आणि रविवारी पिकअपला जोडून तळ्यावर नेतात. त्यांना दुहेरी भुर्दंड: बोट ओढताना पिकअप भसाभसा पेट्रोल पितो, ते वेगळं, बोट पिते, ते वेगळं. कोविडच्या काळात घरात कोंडलेल्या लोकांनी बोटींच्या दुकानांवर झुंबड केली होती; एकट्या २०२० मध्ये तीन लाखांहून जास्त नव्या मोटरबोटी खपल्या. दोन वर्षांनी पेट्रोलचा भाव बघून रविवार घरी काढले ते या नव्या, हप्त्यावाल्या मालकांनी. सहाशे घोडेवाल्याने तोंड वाकडं केलं आणि टाकी भरली. खरी काटकसर झाली ती वीस फुटी बोटीत.

सरकारचा डोळा या शौकावर पूर्वीही गेलेला आहे. १९७० च्या दशकाअखेरच्या तेलटंचाईत कार्टर सरकारच्या आणीबाणीच्या योजनांत शनिवार-रविवारी शौकाच्या बोटी बंद ठेवायचा प्रस्ताव होता. बोटवाले असे उसळले की तो कागदावरच राहिला. ज्याला सोमवार ते शुक्रवार नोकरी आहे, त्याचीच बोट बंद होणार होती. ज्याला नोकरीची गरज नाही, तो मंगळवारी निघणार होता. तेव्हाही गणित हेच.

आपल्याकडे गेटवेसमोर संध्याकाळी तासावर यॉट भाड्याने घेऊन वाढदिवसाचे केक कापतात. मांडव्याला स्पीडबोटीने जाणारी मंडळी आहेत. त्यांनी त्या वर्षी डिझेलच्या नावाने हाय खाल्ल्याचं आमच्या ऐकिवात नाही. हाय खाल्ली ती कोळ्यांनी. २०२२ च्या मार्चमध्ये घाऊक ग्राहकांचं डिझेल लिटरमागे सुमारे पंचवीस रुपयांनी चढलं. मच्छीमार संस्था घाऊक ग्राहकांत मोडतात, म्हणून मासे आणायला निघालेल्या बोटीचं डिझेल रस्त्यावरच्या पंपापेक्षा महाग झालं. केक कापायला निघालेल्या यॉटने मात्र सरळ तासाचं भाडं वाढवलं तरी भागतं.

आणि आपली तिकडची मंडळी? अटलांटाच्या उत्तरेला लेक लेनियर आहे. तिथे पोंटून बोट भाड्याने मिळते. अॅल्युमिनियमच्या नळकांड्यांवर सपाट तळ, वर सोफे, सभोवती कठडा. थोडक्यात पाण्यावरचा दिवाणखाना. या दिवाणखान्यात डबे उघडले जातात, पोहे निघतात, कोणीतरी सुधीर फडके लावतं. चार तासांचं भाडं आधीच वाटून घेतलेलं असतं. पण पेट्रोल बहुधा वेगळं, ते परत आल्यावर मोजतात. तो आकडा ऐकला की पोह्यांची चव उतरते, आणि धक्क्यावर उभं राहून मराठी माणूस टीटीएमएमचा हिशेब मांडतो.

भाड्याच्या बोटीत हे चालून जातं. कोणाच्या स्वतःच्या बोटीत पाहुणे म्हणून जाल तर मात्र वेगळा पेच आहे, आणि तो ठाऊक असलेला बरा. अमेरिकन कायद्याप्रमाणे पाहुण्यांनी आपखुशीने पेट्रोलचा वाटा उचलला तर हरकत नाही. १९९३ पासून तशी स्पष्ट मुभा आहे. पण पैसे दिलेस तरच बोटीत चढ, असं मालक म्हणाला, तर तुम्ही पाहुणे राहत नाही, भाड्याचे प्रवासी होता. मग मालकाकडे कोस्ट गार्डचा कप्तानाचा परवाना लागतो, जो बहुतेकांकडे नसतो. म्हणून तो बिचारा तोंड उघडत नाही. तुम्ही वेफर्सचं पाकीट घेऊन येता, तो हसून घेतो आणि मनातल्या मनात गॅलन मोजतो. तेव्हा भाच्याने किंवा वर्गमित्राने बोटीवर बोलावलं, तर परतताना शंभर डॉलर स्वतःहून त्याच्या हातात ठेवा. त्याने मागायची वाट बघू नका. त्याला मागता येत नाहीत.