तारेवरचा कोतवाल

भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित उतरले की काठावर दोन जातींचे निरीक्षक दिसतात. एक रोहित पाहणारे, दुसरे आपली दुर्बीण पाहणारे. दुसरी जात सध्या वाढीला लागली आहे. समोर शेकडो पक्षी असले तरी यांचा जीव विजेच्या तारेवरच्या कोतवालावर. काळा पक्षी, मागे पांढरंफटक आभाळ. कडेला जांभळी किनार उमटते का, हे तपासायला याहून गरीब गिऱ्हाईक कुठलं? मग दृश्याच्या काठाशी तार वाकते का, चित्र पुसट होतं का, याची चौकशी. तेवढ्यात कोतवाल हवेतल्या हवेत टोळ टिपतो. त्याची नोंद कुणीच घेत नाही.

खरेदीची तऱ्हा तर त्याहून न्यारी. भर दुपारी दुकानाच्या पायरीवरून समोरच्या बँकेची पाटी वाचायची आणि मान डोलवायची. ८×४२ दुर्बिणीतून डोळ्याकडे ५.२५ मिलिमीटरचा झोत येतो. उन्हात बाहुली आकसून २-३ मिलिमीटरवर आलेली, म्हणजे निम्म्याहून जास्त उजेड फुकट. त्या वेळी स्वस्तातली दुर्बीणही भाव खाऊन जाते. खरी कसोटी तिन्हीसांजेला, झाडीतलं घुबड शोधताना. पण तेव्हा साहेब घरी बसून भिंगांवरच्या लेपांची परीक्षणं वाचत असतात.

एवढं करून लाखाच्या भिंगातूनही हिरवी तुतारी कोणती आणि ठिपकेवाली कोणती, हे आपोआप कळत नाहीच. त्यासाठी सलीम अलींचं पुस्तक उघडावं लागतं, आणि त्या कष्टाला बिनव्याजी हप्ते नाहीत.