बिनचिठ्ठीच्या डॉक्टरांस खुलं पत्र

औषधाच्या दुकानातल्या काउंटरवरचे डॉक्टरसाहेब,

कुत्र्याच्या पोटावर पुटकुळ्या उठल्या, केस गोल चकत्यांनी गळू लागले, की निपाणीपासून बेळगावपर्यंतची माणसं आधी तुमच्याकडे येतात. जनावरांचा दवाखाना लांब, तुम्ही कोपऱ्यावर. मोबाइलवरचा फोटो बघून तुम्ही सेफपोडॉक्सिम या अँटिबायोटिकच्या पाच गोळ्या कापून देता. कुत्र्याचं वजन तरी कधी विचारलंत?

त्या पुटकुळ्यांत बहुधा स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमिडियस असतो. एरवीही तो कुत्र्याच्या कातडीवर राहतोच. पिसवा, खरजेचे किडे, ॲलर्जी, थायरॉइड यांनी कातडी बिघडवली की उसळतो. मूळ दुखणं तसंच ठेवून तुम्ही गोळ्या देता. खाज थांबते, मालक गोळ्या सोडतो, महिन्याभरात पुन्हा तेच. मग तुम्ही ‘स्ट्राँग’ काढता. दर फेरीला साधे जंतू मरतात आणि औषधाला न जुमानणारं मेकए जनुक असलेल्यांना रान मोकळं होतं. त्यांच्यावर सेफॅलेक्सिन चालत नाही, अमॉक्सिक्लॅव्ह नाही, तुमची सेफपोडॉक्सिमही नाही.

तुमच्यानंतर खऱ्या डॉक्टरला काय निस्तरावं लागतं, ऐका. चट्ट्याचा ठसा काचपट्टीवर घेऊन तपासायचा, नमुना कल्चरला पाठवायचा, कोणतं औषध लागू पडेल याचा अहवाल येईपर्यंत थांबायचं. तोवर आठवड्यातून दोन-तीनदा क्लोरहेक्सिडिनच्या शाम्पूने अंघोळ. फेस दहा मिनिटं अंगावर राहू द्यायचा. संसर्ग वरवरचा असेल तर पुष्कळदा एवढ्यानेच, एकही गोळी न देता, बरा होतो. खोल गेलेला असला तर कधीकधी रिफॅम्पिसिन किंवा अमिकासिनपर्यंत पाळी येते. पहिलं यकृताला जड, दुसरं मूत्रपिंडाला. शिवाय रिफॅम्पिसिन हे माणसाच्या क्षयरोगाचं औषध. ते कुत्र्याच्या खाजेवर खर्ची पडावं, ही वेळ कुणी आणली?

सेफपोडॉक्सिम शेड्यूल एच-1 मध्ये आहे, हे पाकिटावरच्या लाल चौकटीत छापलेलं असतं. या यादीतल्या औषधांसाठी मार्च 2014 पासून नियम आहे: चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि त्याचं प्रमाण वेगळ्या नोंदवहीत लिहायचं, वही 3 वर्षं जपायची. नियम केंद्राचा आहे. निपाणीत जो, तोच राज्याच्या सीमेपलीकडे कागलात. सीमेचं कारण इथे चालणार नाही.

पुढच्या वेळी कुणी फोटो दाखवला तर त्याला दवाखान्याचा रस्ता दाखवा. आणि ती नोंदवही काउंटरवर काढून ठेवा. मी बघायला येणार आहे.

बेळगाव तालुक्यातला एक कुत्रा पाळणारा